सहा महिने मेल्याचं सोंग घेणारी कळलावी

कळलावी लावायची म्हटलं की पहिली अडचण नावातच येते. मी पहिल्यांदा कुंडीत लावली तेव्हा शेजारच्या काकूंनी वेल बघितली आणि लगेच म्हणाल्या, "अगं ही कुठे घरात आणलीस, भांडणं लागतात हिच्यामुळे." कळ लावते ती कळलावी, काकूंचा हिशोब सरळ होता. पण या नावाचा दुसराही अर्थ सांगतात, की कळा म्हणजे बाळंतपणाच्या कळा, पूर्वी बाई अडली की हिच्या कंदाचा लेप लावायचे त्यावरून हे नाव, आणि मला हा जास्त पटतो कारण संस्कृतात हिच्या नावांच्या यादीत चक्क 'गर्भनुत्', म्हणजे गर्भ बाहेर ढकलणारी, असं एक नाव आहे. बाकी अग्निशिखा, लांगली, खड्यानाग अशी बरीच नावं आहेत. तर आमच्या घरात भांडण लागलंच, पण ते माझं आणि कुंडीचं.

झालं असं की पावसाळ्यात वेल मस्त वाढली, ऑगस्टमध्ये फुलली, लाल-पिवळी फुलं बघून मी खुश, आणि नोव्हेंबर लागला तसा वेलीचा रंग उतरायला लागला. पानं पिवळी, मग तपकिरी. मी घाबरले आणि जे सगळे करतात तेच केलं, पाणी वाढवलं, वर शेणखत घातलं, तरी वेल वाळलीच, तरी मी पाणी घालतच राहिले की मुळातून परत फुटेल म्हणून. मार्चमध्ये माती उकरली तर आत कंदाच्या जागी काळा वास मारणारा लगदा. मी तिला मारलं होतं, तेही पाणी घालून, आणि तेही ती मजेत झोपलेली असताना!

म्हणून सगळ्यात आधी ही झोप समजून घेऊ, कारण तेवढं समजलं की कळलावी वाढवण्यातलं अर्धंअधिक काम संपतं.

आपण बहुवर्षायू झाड म्हटलं की जास्वंदीसारखं वर्षभर हिरवं असणारं काहीतरी डोळ्यासमोर आणतो. पण बहुवर्षायू म्हणजे फक्त एवढंच की एका मोसमात झाडाचं आयुष्य संपत नाही. ते वरती दिसलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय? आपल्याकडच्या डोंगरांवर चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने ठणठणाट असतो, तिथल्या कित्येक रानफुलांनी यावर एकच तोडगा काढलाय, की पाऊस आहे तोवर वर यायचं, खायचं-प्यायचं, फुलायचं, आणि पाऊस गेला की सगळी पुंजी कंदात भरून जमिनीखाली गुडुप. कळलावी त्यातलीच. जूनच्या पावसात कोंब वर येतो, जुलै ते सप्टेंबर-ऑक्टोबर फुलं, आणि थंडी पडेपर्यंत वरचा सगळा पसारा वाळून जातो.

आता तो कंद बघा. इंग्रजी व्ही किंवा एल अक्षरासारखा वाकलेला असतो, दोन हात असलेला, हुबेहूब नांगरासारखा. लांगल म्हणजे नांगर, म्हणून लांगली. गंमत म्हणजे हा कंद बटाट्यासारखा सगळीकडून डोळे फुटणारा नाही. प्रत्येक हाताच्या अगदी टोकाला एकच कोंब असतो, आणि ते टोक तुटलं की तो हात संपला, मग बाकीचा कंद कितीही गुबगुबीत असो, त्यातून काही येत नाही. कंद खडूसारखा कटकन मोडतो, त्यामुळे हाताळताना टोकांना तान्ह्या बाळाच्या टाळूसारखं जपायचं. आणि दुसरी गंमत, गेल्या वर्षीचा कंद या वर्षी नसतोच. वेल वाढते तसा जुना कंद स्वतःला रिकामा करत आक्रसून जातो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. म्हणजे 'तीच' कळलावी दरवर्षी येते खरी, पण दरवर्षी नव्या कंदातून.

यातून एक गोष्ट आपोआप निघते. नवा कंद भरायला लागणारं अन्न पानं करतात, आणि ती फुलं संपल्यावरही करत असतात. त्यामुळे फुलं गेली, आता काय ही वेल कशीतरीच दिसतेय, असं म्हणून हिरवी वेल कापून टाकलीत तर पुढच्या वर्षीचा डबा तुम्ही अर्धाच भरून पाठवलात. पुढच्या वर्षी एकतर वेल मरतुकडी येईल नाहीतर फुलणारच नाही. पूर्ण वाळू द्यायची, ओढल्यावर आपसूक हातात आली की मगच काढायची.

हे सगळं वाचून लगेच कंद शोधायला निघण्याआधी एक गोष्ट मात्र नीट वाचा. कळलावी विषारी आहे, म्हणजे खरोखरची विषारी, पान, फूल, सगळंच, आणि कंद आणि बिया सगळ्यात जास्त. आयुर्वेदात हिला उपविषांमध्ये, म्हणजे दुय्यम विषांमध्ये, धरतात. आतलं मुख्य विष म्हणजे कोल्चिसिन. हेच कोल्चिसिन गाऊटच्या, म्हणजे एका प्रकारच्या संधिवाताच्या, दुखण्यावर औषध म्हणून देतात, पण किती, तर अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळ्या असतात, यावरून अंदाज करा. ते काम कसं करतं तेही सांगते, कारण ते कळलं की भीती बरोबर जागी बसते. पेशी दुभागताना आतली गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून नेणारे बारीक धागे असतात, कोल्चिसिन ते धागे तयारच होऊ देत नाही. वनस्पतींवर हा प्रयोग १९३७ च्या सुमारास झाला तेव्हा लक्षात आलं की पेशी दुभागत नाही पण गुणसूत्रं मात्र दुप्पट होतात, आणि त्याच युक्तीवर पुढे बिनबियांचं कलिंगड आलं. माणसाच्या शरीरात मात्र ज्या पेशी सतत दुभागत असतात त्यांच्यावरच घाला पडतो, म्हणजे आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज, केसांची मुळं. पोटात गेल्यावर पहिले काही तास काहीच जाणवत नाही, मग उलट्या-जुलाब सुरू होतात आणि खरं नुकसान त्याच्याही नंतर दिसतं. शिजवून हे विष जात नाही, आणि हमखास उतारा असं औषध हाताशी नसतं. रताळं किंवा कुठलातरी रानकंद समजून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. घरात रांगतं मूल असेल किंवा कुत्र्या-मांजराला कुंड्या उकरायची सवय असेल तर सरळ दुसरं काहीतरी लावा, यात मी कसलीही सूट देणार नाही. बाकीच्यांनी कंद हाताळताना हँडग्लोव्ह्ज घाला, नंतर हात धुवा, आणि काढलेले कंद कांद्या-बटाट्याच्या आसपाससुद्धा ठेवू नका. आणि तो लेपाबिपाचा प्रकार तर अजिबात नको.

आता फुलाकडे येऊ, मला खरं तर याच्यावरच लिहायचं होतं.

कळलावीचं फूल उलटं असतं. कळी हिरवी, लांब देठावर खाली मान घालून लटकलेली. उमलताना सहाच्या सहा पाकळ्या मागे वळतात, अगदी वर आभाळाकडे, कडा नागमोडी, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लाल, म्हणून अग्निशिखा. पहिल्या दिवशी हिरवट पिवळं असलेलं फूल पुढच्या काही दिवसांत केशरी होत होत पूर्ण लालभडक होतं, त्यामुळे एकाच वेलीवर एकाच वेळी सगळे रंग दिसतात. पाकळ्या वर गेल्या की खाली उरतात सहा पुंकेसर, छत्रीच्या काड्यांसारखे चारी बाजूंना आडवे पसरलेले, प्रत्येकाच्या टोकावर परागकोश मधोमध टांगलेला, वाऱ्याने सुद्धा डुलतो.

आणि मग ती खरी विचित्र गोष्ट. साधारण फुलात स्त्रीकेसर मधोमध सरळ उभा असतो, बरोबर? इथे तो बुडातूनच काटकोनात वळतो आणि एका बाजूला आडवा बाहेर जातो, एखाद्याने ट्रॅफिकमध्ये हात दाखवल्यासारखा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं कीड लागून वाकडा झालाय. पुढचं फूल बघितलं, तोही वाकडा, मग वेलीवरची सगळी फुलं बघितली, सगळेच वाकडे.

हा वाकडेपणा कशासाठी ते मध कुठे आहे ते बघितल्यावर समजतं. मध असतो प्रत्येक पाकळीच्या बुडाशी, म्हणजे एका फुलात सहा वेगवेगळ्या ठिकाणी. आता समजा एक मोठं फुलपाखरू आलं, ते मधोमध येऊन सोंड आत घालतं, एका पाकळीचा मध पितं, मग सरकून दुसरीचा, असं गोल गोल फिरतं, आणि हे करताना त्याचे पंख सारखे फडफडत असतात. पंख कुठे आपटतात? बाहेर आडव्या पसरलेल्या परागकोशांवर. पराग त्याच्या पंखांना लागतात. आणि त्याच अंतरावर, त्याच उंचीवर, आडवा हात करून स्त्रीकेसर वाट बघत असतो. पुढच्या फुलावर गेलं की पंख त्याला घासतो, झालं काम. आपण नेहमी वाचतो की पराग मधमाशीच्या पायाला चिकटले, डोक्याला चिकटले, इथे थेट पंखांनी परागीभवन होतंय! शिंजीर पक्षीही येतात, बारीक बाकदार चोचीचे, तेही मधासाठी लटकत इकडून तिकडे फिरतात आणि पराग नेतात. मधमाशी येते, नाही असं नाही, पण ती एवढीशी, सरळ परागकोशावर बसते, पराग गोळा करते, आणि लांबवरच्या त्या आडव्या स्त्रीकेसराला बऱ्याचदा न शिवताच निघून जाते. म्हणजे तिची चोरी म्हणा हवं तर.

थोडक्यात हे फूल मापात शिवलंय, आणि माप आहे मोठ्या पंखांचं. ते पंखवाले आले नाहीत की काय होतं हे तमिळनाडूत बघायला मिळतं. कळलावी हे तिथलं राज्यफूल, आणि तिथे ती शेतात पीक म्हणूनही घेतात, कारण तिच्या बियांना औषध कंपन्यांकडून मागणी असते, त्याच कोल्चिसिनसाठी. तिरुप्पूर, दिंडीगुल या भागांत तारा-काठ्यांच्या आधारावर कळलावीचे मांडवच्या मांडव असतात, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत मजूर सकाळी सकाळी फुलाफुलापाशी जाऊन हाताने पराग लावतात. एकेका फुलाला. जे काम फुलपाखरू जाता जाता करतं त्याची रोजंदारी द्यावी लागते.

आता 'स्थानिक' या शब्दाविषयी थोडं, कारण हल्ली नेटिव्ह प्लँट्सची फॅशन आहे आणि लोकांना वाटतं की स्थानिक म्हणजे झाडाचा काहीतरी अंगचा चांगुलपणा. तसं नसतं. कळलावी मूळची आफ्रिकेतली आणि आपल्या बाजूच्या आशियातली, इतकी की झिम्बाब्वेचं ती राष्ट्रीय फूल आहे, १९४७ मध्ये तिथल्या मुलांकडून राजकन्या एलिझाबेथला या फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच भेट दिला गेला होता. पण हीच कळलावी बागांमधून निसटून ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर पसरली आणि तिथे ती तण आहे, लोक उपटतायत. झाड तेच, विष तेच, फूल तेच. फरक एवढाच की तिथे तिला ओळखणारं कोणी नव्हतं.

ओळखणारं म्हणजे काय तेही माझ्याच वेलीवर कळलं. दुसऱ्या वर्षी (हो, नवीन कंद मिळवला) जुलैमध्ये पानांवर काळ्या अळ्या दिसल्या, काळ्या अंगावर पांढरे आणि लाल ठिपके, नटून आल्यासारख्या, आणि पानं अशी फस्त करतायत की विचारू नका. मी आधी नीम ऑइलची बाटली काढली, मग म्हटलं थांब, एवढ्या विषारी झाडाचं पान खाऊन ही टुणटुणीत कशी? या लिली मॉथ नावाच्या पतंगाच्या अळ्या. कळलावी आणि तिच्या लांबच्या नात्यातल्या लिल्या हेच त्यांचं खाणं, शास्त्रीय नावातच कळलावी आहे, पॉलिटेला ग्लोरिओसी. विष पचवायला ती पिढ्यानपिढ्या शिकलीय, आणि तो भडक रंग म्हणजे पक्ष्यांना पाटी, की मला खाऊ नका. फुलपाखरांना नुसता मध तर घाणेरीही देते, ती मूळची अमेरिकेतली आणि आपल्याकडची रानं गिळत सुटलीय, पण तिची पानं खाऊन वाढणाऱ्या आपल्या अळ्या फारच थोड्या. फुलपाखरू आपल्या बागेत पाहुणा म्हणून यावं की बिऱ्हाड करावं, हा तो फरक आहे. मी अळ्या वेचून वेलीच्या एकाच बाजूला ठेवल्या, ती बाजू त्यांची, ही माझी. त्यांनी करार फारसा पाळला नाही पण वेल फुलली.

तर आता लावायची कशी. कंद मेच्या शेवटी, पाऊस सुरू व्हायच्या जरा आधी लावा. डोंगरावरून खणून आणू नका, आधीच औषधासाठी कंद उपसून कित्येक ठिकाणची कळलावी विरळ झालीय, आणि अभयारण्यातून झाडं-मुळं उपटणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. लागवड करणाऱ्यांकडून किंवा ज्यांच्याकडे वेल आहे त्यांच्याकडून घ्या, दोन हातांचा एक कंद सांभाळून मोडला तर दोघांची सोय होते, फक्त दोन्ही टोकांचे कोंब शाबूत हवेत. कुंडी बारा-चौदा इंच तरी खोल, खाली भोकं मोकळी, माती अशी की पाणी घातलं की ढिम्म न राहता निघून जाईल, मी लाल माती, जाड वाळू आणि जुनं कुजलेलं शेणखत साधारण सारखंच घेते. चिकट काळी माती नुसती वापरली तर पहिल्याच मोठ्या पावसात कंद कुजतो. कंद आडवा ठेवायचा, वर दोन-तीन इंच माती, बस. शेंडा उन्हात आणि बुडखा सावलीत, हे तिला आवडतं, कारण रानात ती करवंदीच्या जाळीतून किंवा कुंपणातून डोकं वर काढते.

आधाराचं मात्र लोक हमखास चुकतात. कळलावीला वेगळे ताणे नसतात, पानाचंच टोक लांबतं आणि स्प्रिंगसारखं गुंडाळतं, आणि ती एवढीशी गुंडाळी जाड बांबूला काय धरणार! मी छान बांबू रोवून ठेवला होता आणि वेल त्याच्याकडे पाठ करून शेजारच्या तुळशीच्या काड्यांना जाऊन बिलगली. बारीक तार, सुतळी, वाळक्या फांद्या, असलं काहीतरी द्या. आणि ती सहा-आठ फूट सहज जाते म्हणून आधार आधीच उभा करा, नंतर खोड हलवायला गेलात आणि बुडाशी मोडलं तर तो कोंब त्या वर्षापुरता गेलाच समजा.

एकच वेल लावण्यापेक्षा चार-पाच जवळजवळ लावल्या तर जास्त बरं, फुलपाखराला लांबून लाल ठिपका दिसण्यापेक्षा लाल पट्टा दिसलेला परवडतो आणि पंखावरचे पराग दुसऱ्या वेलीवरही जातात. कीटकनाशक काहीही नको, फुलांवर नीम ऑइलसुद्धा नको. एखाद्या पसरट ताटलीत ओली माती ठेवा, फुलपाखरं चिखलातले क्षार चोखायला येतात. आणि उंचावरच्या बाल्कनीत कोणीच आलं नाही तर तमिळनाडूवाल्यांसारखं सकाळी तुम्हीच करा, कापसाच्या काडीने एका वेलीचे पराग दुसरीच्या त्या आडव्या हाताच्या टोकाला, जिथे तीन बारीक फाटे दिसतात तिथे लावा. दोन-चार आठवड्यांत शेंगेसारखं हिरवं बोंड जाड होताना दिसलं की जमलं.

बोंड वाळून तडकलं की आत लालबुंद बिया असतात, डाळिंबाच्या दाण्यासारख्या मोहक, म्हणजे पोरांपासून लांब. त्या पेरायच्या असतील तर रात्रभर पाण्यात भिजवून जूनमध्ये पेरा आणि विसरा, काहींना उगवायला महिने लागतात. पहिल्या वर्षी जे येतं ते गवताच्या पात्यासारखं एवढुसं रोप असतं, ना वेल ना फूल, आणि नोव्हेंबरात तेही वाळून दिसेनासं होतं. तेव्हा कुंडी रिकामी समजून माती दुसरीकडे ओतू नका, खाली वाटाण्याएवढा कंद झोपलेला असतो आणि त्याला फूल यायला अजून दोन-तीन पावसाळे जायचेत. मी अशा कुंड्या पाण्यापासून लांब कोपऱ्यात सरकवते आणि वर चिठ्ठी चिकटवते, "झोपलीय, पाणी घालू नये, माती विषारी कंदाची आहे." तरी गेल्या जानेवारीत नवऱ्याने एका कुंडीत कोथिंबीर पेरली होती, ती अख्खी उपटून फेकावी लागली, आणि त्यावरून मात्र घरात खरंच भांडण झालं.